अजूची कळशी

बरडवस्तीत पाण्याची परीक्षा डाळीवर होते. रंग कुणी बघत नाही, वास कुणी घेत नाही. पाणी चुलीवर ठेवायचं, त्यात तुरीची डाळ टाकायची आणि वाट बघायची. डाळ लवकर मऊ झाली तर पाणी चांगलं, नाही झाली तर पाणी भिकार, विषय संपला. या परीक्षेत धोंडीरामच्या बोअरचं पाणी कायम पहिल्या नंबरात पास आणि वस्तीच्या टोकाचा जुना आड कायम नापास. आडाच्या पाण्यात डाळ तासभर उकळ्या खायची आणि तरी दाणा तसाच दाताखाली यायचा. साबण चोळला तर फेस राहिला बाजूला, दह्यासारख्या गुठळ्या व्हायच्या. भांड्यांच्या बुडाला पांढरा, खरखरीत थर. असल्या आडाकडं कोण फिरकणार?

धोंडीराम म्हणजे मंगलचा सासरा. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यानं पाडलेलं बोअर वस्तीला पुरून उरलं. त्याआधी बायका त्याच आडाचं पाणी शेंदून मेटाकुटीला यायच्या. बोअरला पाणी लागलं, मोटार बसली, टाकी झाली, ओटा झाला आणि ओट्याच्या वर तोटी आली. कळशी ओट्यावर ठेवायची, तोटी सोडायची, झालं. कुणाला वाकायला नको की ओढायला नको. मंगलची सासू पारूबाई तेव्हापासून वस्तीत रुबाबात वावरत आलेली. पाहुणा आला की चहाच्या आधी पाण्याचा तांब्या. "पिऊन तर बगा. साखर हाय, साखर!" आणि पाहुण्यानं दोनदा वाहवा केल्याशिवाय त्याची सुटका नसायची.

मंगल माजलगावकडची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, इथल्या बायका काय लाजऱ्या आहेत, हसताना पदर तोंडावर घेतात. पुढं लक्षात आलं की बाप्येसुद्धा हसताना तळवा आडवा धरतात. वस्तीत वाढलेल्या सगळ्यांचे दात पिवळे नाहीतर तपकिरी, काहींचे तर कुरतडल्यासारखे. तिच्या नवऱ्याचे, नवनाथचे, तसेच. सगळ्यांचेच तसे म्हटल्यावर कुणाला काही वाटायचं नाही. तिच्या पोरीचे, ऋतुजाचे, दुधाचे दात मात्र पांढरे आले होते आणि मंगल निर्धास्त होती. मग दुधाचे पडले आणि पक्के आले, ते खडूचे ठिपके घेऊन. बघता बघता ठिपक्यांचा रंग चहासारखा होत गेला. ऋतुजा आता अंबाजोगाईला वसतिगृहात राहून आठवी शिकते. स्नेहसंमेलनातला एक फोटो तिनं घरी आणला होता. सगळ्या पोरी खिदळतायत आणि ही एकटी ओठ गच्च मिटून उभी, कुणीतरी दटावून उभी केल्यासारखी. मंगलनं तो फोटो कपाटात ठेवला तो उलटाच ठेवला.

मागच्या गणपतीत अंबाजोगाईहून पाणी तपासणारं पथक आलं. त्यात मंजुषा मॅडम म्हणून एक होत्या. त्यांनी मारुतीच्या पारावर बसून आधी पोरांचे दात बघितले, मग म्हातारी माणसं ओळीनं उभी केली आणि म्हणाल्या, "हनुवटी छातीला लावा." एकालाही लावता येईना. "वाका आणि पायाचे अंगठे धरा." कुणाचे हात मांडीशी थांबले, कुणाचे गुडघ्याशी. पारूबाईची मान तर जागची हलेना. तिनं डोळे मोठ्ठे करून, श्वास रोखून जोर लावला, तशी वस्तीच्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. मंगलही पोट धरून हसली. पारूबाईला मुळी त्याचं काही वाटलं नाही. "मोळ्या वाहून मणका गेला, बाई. उसानं खाल्लं आमाला, दुसरं काय?" ती म्हणाली. ते सगळ्यांना पटलं, कारण अर्धी वस्ती ऊसतोडीलाच जाते. ज्यांनी उभ्या जन्मात कोयता धरला नाही त्यांच्याही माना वळत नव्हत्या, पण तेवढा विचार कोण करतो?

मॅडमनी केला. काचेच्या नळ्यांमध्ये पाणी घेऊन, त्यात थेंब टाकून, रंग बघून त्यांनी जे सांगितलं ते ऐकून वस्ती आधी हसली आणि मग चिडली. "आडाच्या पाण्यात चुना जास्त आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून ते जड. चवीला वाईट, डाळ शिजत नाही, साबण फाटतो. पण तोच चुना फ्लोराइडला धरून ठेवतो, त्याला पाण्यात फारसं उतरू देत नाही. बोअरच्या पाण्यात चुना नाही. म्हणून ते मऊ, म्हणून तुमची डाळ शिजते आणि म्हणूनच त्यात फ्लोराइड मोकाट आहे. हे दात आणि या पाठी उसानं नाही गेल्या. या पाण्यानं गेल्या."

"मग उकळून पिलं तर?" मंगलनं विचारलं.

"आडाचं जरूर उकळा, जंतू मरतात. बोअरचं उकळू नका. वाफ होते ती पाण्याची. फ्लोराइड भांड्यातच राहतं. पाणी आटेल तेवढं ते दाट होत जाईल."

हे मंगलला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. उसाचा रस आटला की काकवी दाट होते, तिला सगळा जन्म तेच माहीत. मॅडमनी तिच्या कडेवरच्या अजूकडं बघितलं. अजू, म्हणजे अजिनाथ, तेव्हा दोन वर्षांचा होता आणि मॅडमच्या हातातला पेन ओढत होता. "याला जपा," त्या म्हणाल्या. "आत्ता दिसतायत ते दुधाचे दात, त्यांच्यावर जाऊ नका. पक्के दात हिरड्यांच्या आत आत्ताच तयार होतायत. आठ वर्षांचा होईपर्यंत याला बोअरचा थेंब देऊ नका."

जाताना पथकातल्या माणसांनी टाकीच्या ओट्यावर तांबड्या रंगाचा पट्टा मारला, या पाण्याला हात लावू नका म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाईनं त्या पट्ट्याला हळदीकुंकू वाहिलं आणि सगळ्यांसमोर त्याच तोटीखाली कळशी लावली. नवऱ्याच्या बोअरला विष म्हणणाऱ्यांना तिचं ते उत्तर होतं.

मॅडमचं ऐकलं ते एकट्या मंगलनं. तेही सगळ्या घरासाठी नाही, तेवढं बळ कुणात आहे? आड लांब, दोर हातानं ओढायचा. तिनं एक छोटी पितळी कळशी वेगळी काढली, तिच्यावर स्टीलचं झाकण ठेवलं आणि ती अजूची कळशी झाली. रोज सकाळी आडाची एक कळशी, घरी आणून उकळायची, गार करायची, तीच अजूनं प्यायची. पारूबाई रोज फणकारायची. "साखरंसारखं पानी दारात आन लेकराला दगडाचं पानी पाजती." मंगल ऐकून घ्यायची. नवनाथ दोघींच्या मध्ये पडायचा नाही. त्या बाबतीत तो फार हुशार होता.

दसरा झाला आणि ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली. आदल्या हंगामात अजूला बरोबर नेलं होतं, तर फडावरच्या पाण्यानं त्याला अशी हगवण लागली की सलाईन लावायची पाळी आली. या खेपेला त्याला घरी ठेवायचं ठरलं. मंगलनं बाजारातून नवा नायलॉनचा दोर आणला, खुंटीला अडकवला आणि पारूबाईला समोर बसवून सांगितलं. पाणी आडाचंच. उकळूनच. कळशी हीच. "व्हय ग बाई, व्हय," पारूबाई म्हणाली. "येवडा नवनाथ वाढवला, मला कळत न्हाई व्हय?" त्यानंतर सगळा हंगाम मंगल फडातून फोन लावायची, पहिला प्रश्न पाण्याचा. "आडाचंच पाजताव ना, आत्या?" "आडाचंच." "उकळून?" "उकळून." मग ती फोन ठेवायची आणि मोळ्या बांधायला लागायची. थंडीत बोटं फाटली, उन्हाळ्यात डोळे जळले, पण मनाला तेवढा एक आधार होता.

शिमगा झाला, कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. ट्रॅक्टरमधून घरी उतरले तेव्हा मंगलला आपले पाय आपले आहेत असं वाटत नव्हतं. अजू आधी आजीच्या लुगड्यामागं लपला. मग एक डोळा बाहेर काढला, मग सगळाच बाहेर आला आणि तोंडभर हसला. एकूण एक दात पांढरे. मंगलनं त्याला उचललं, त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि ती रडली. इतके महिने हे लेकरू दुसऱ्याच्या हवाली करून आपण काय मिळवतो, हा प्रश्न दर हंगामाला पडतो आणि दर हंगामाला तसाच राहतो. घरात गेल्यावर तिनं पहिलं ते पाणी उकळायचं पातेलं बघितलं. चकचकीत होतं. जाताना त्याच्या बुडाला पांढरा थर होता, आता नावाला नाही. आत्यांचा हात भांड्याला चांगला आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मोटार बंद, टाकी रिकामी, घरातलं पाणी अंगं धुण्यात संपलेलं. सगळ्यांना भूक लागलेली. मंगलनं आत्यांनी आदल्या दिवशी भरून ठेवलेली अजूची कळशी घेतली, उद्या परत आडावरून आणू म्हणत डाळीला पाणी घातलं आणि पातेलं चुलीवर चढवलं. आडाचं पाणी म्हटल्यावर घाई नव्हतीच. चुलीत दोन जाड लाकडं सारली आणि तिथंच भिंतीला पाठ लावून तिनं डोळे मिटले. तासभर तरी उठायचं कारण नव्हतं.

ती उठली ती करपल्याच्या वासानं. डोळा लागून फार वेळ झाला नव्हता, चुलीतली लाकडं अजून अर्धीही जळली नव्हती. पातेल्यात बघते तर डाळीचं वरण झालेलं, बुडाला लागायला लागलेलं. पळी फिरवली तर एक दाणा सापडेना. पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. चला, जेवण लवकर होईल. तिनं पातेलं खाली उतरवलं, आणि हात पातेल्यावर असतानाच ती थांबली.

आडाच्या पाण्यात डाळ अशी शिजत नाही.

ती उठली. कळशीतलं उरलेलं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, न्हाणीतला साबणाचा तुकडा त्यात चोळला. फेस आला. पांढरा, भरघोस, कोपरापर्यंत ओघळणारा फेस. ती तशीच हात पुढं धरून उभी राहिली. मग खुंटीवरचा दोर काढला. दुकानदारानं घातलेल्या घड्या जशाच्या तशा होत्या, गुंडाळ्यावरचा कागदसुद्धा फाटला नव्हता.

भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. मंगलकडं तेवढं नव्हतं. नवनाथ आत घोरत होता, अजू त्याच्या पोटावर पाय टाकून झोपला होता. पारूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मंगलनं एका हातात दोर आणि बादली घेतली, दुसऱ्या हातात कळशी.

"चला, आत्या."

"कुटं?"

"आडावर. कसं पानी आनत हुतात ते दावा मला."

पारूबाईनं दोराकडं बघितलं, कळशीकडं बघितलं. हाताचा टेका घेऊन, भिंत धरून, दोन खेपेत उठली आणि चालायला लागली. तिच्या मागं चालताना मंगलच्या मनात रागाचे लोळ उठत होते. इतके महिने या बाईनं रोज फोनवर खोटं सांगितलं. ज्या पाण्यानं ऋतुजाचं हसू खाल्लं, तेच पाणी हिनं अजूला पाजलं. कशासाठी, तर मेलेल्या नवऱ्याचा मोठेपणा राहावा म्हणून. आता अजूच्या हिरडीच्या आत काय झालं असेल ते कुणाला दिसणार? सात-आठ वर्षांचा होईल तेव्हा कळेल. तोपर्यंत तो पांढऱ्या दातांनी हसत राहणार आणि आपण त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं.

आडावर कुणी नव्हतं. काठ गुडघ्याएवढा, दोराच्या घासानं जागोजागी खोल खाचा पडलेल्या, आत पाणी खाली खाली गेलेलं. मंगलनं बादली दोराला बांधली आणि सासूच्या हातात दिली.

"वढा."

पारूबाई बादली घेऊन काठाशी गेली. पुढं वाकायला गेली आणि तिचं अंग कमरेपाशीच अडकलं. तिनं पाय फाकवले, एक हात काठावर टेकवायला बघितला, हात काठापर्यंत पोचेना. मान तर खाली जातच नव्हती. ती आडाच्या तोंडाशी उभी होती आणि बघत होती समोरच्या बाभळीकडं. बादली नुसतीच काठावर आपटत राहिली.

"आत पानी कवडं हाय ते बी दिसत न्हाई मला," ती म्हणाली. "लई वर्सं झाली दिसून."

मंगलनं तिच्या हातातून बादली काढून घेतली.

"पैल्या दिशी आले हुते. दुसऱ्या दिशी बी आले," पारूबाई सांगू लागली. "म्हनलं, कुनी येईल, एक बादली वढून देईल. हितं बसून राह्यले, लेकराला कडंला घिऊन. कोन येनार? तुमी सगळी गेलताव उसाला. राह्यलो आमी म्हातारी-कोतारी. त्यो पाराजवळचा म्हातारा आला काठी टेकत. म्हनला, पारू, मला तरी कुटं वाकता येतंय? मंग दोगं बी हासलो. काय करावं? ऊन झालं, लेकरू पानी पानी करायला लागलं. घरी जाऊन तोटी सोडली."

"मला फोनवर का म्हनून सांगितलं न्हाई?"

"सांगून? कोयता टाकून आली असतीस का?"

टोळीतून निघून येणं काय असतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

"आन लाज वाटली," पारूबाई म्हणाली. "खरं सांगते. त्या बाईनं त्येंचं पानी वाईट ठरवलं. आता त्येंची बायकू बी कामातून गेली म्हनायचं? एक नातू संबाळता येत न्हाई म्हनायचं? दोनी गोष्टी एकदम कशा कबूल करू, मंगल?"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अशा वेळी माणूस मान खाली घालतं. पारूबाईला तीही सोय नव्हती. ती तशीच ताठ, तोंड समोर धरून उभी होती आणि पाणी गालांवरून ओघळत होतं.

मंगलला पारावरचा तो दिवस आठवला. ओळीत उभी असलेली पारूबाई, जागची न हलणारी मान, मोठ्ठे केलेले डोळे आणि सगळ्यांचं हसणं. आपण पोट धरून हसलो होतो. महिनाभरानं आपणच बाजारात जाऊन दोर निवडला, ओढून ओढून त्याची मजबुती बघितली, आणि तो आणून दिला कुणाच्या हातात, तर हिच्या. सगळा हंगाम फोनवर विचारलं, आडाचंच पाजता ना? आत्या, तुम्हाला आडावर जाता येतं का, हे एकदाही विचारलं नाही. आता राग कुणावर काढायचा हेच तिला कळेना. ती काठावर बसली.

पारूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग ती जरा जवळ सरकली आणि आवाज खाली आणून, लहान पोरीनं आपली एक तरी गोष्ट बरोबर आली असं सांगावं तसं म्हणाली,

"पन उकळायचं सोडलं न्हाई हां म्या. तू म्हनलीस ना उकळून पाज, एक दिस चुकले न्हाई. मनात हुतं माज्या, खोटं कशाला बोलू, त्या बाईचं खरं आसंल तर? म्हनून तू सांगितलं त्याच्याऊन जास्त उकळायची. चुलीम्होरं बसून बसून, धुरानं डोळे जायाची येळ आली. पार आर्धं आटूस्तोर उकळायची. म्हनलं, काय वंगाळ आसंल ते निगून जाईल. जातंय ना ग?"

मंगलनं वर बघितलं. पारूबाई तिच्याकडं बघत होती, डोळे खाली वळवून, मान न हलवता. त्या डोळ्यांत आता लाज नव्हती, नुसता प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर म्हातारीचा सगळा जीव टांगलेला होता. मंगलच्या जिभेवर काकवी आली. आटणारा रस आला, मॅडमचं बोलणं आलं, शब्दन् शब्द. ते सगळं तिनं गिळलं.

"जातंय की, आत्या," ती म्हणाली. "लई बरं केलंत."

पारूबाईनं मोठा सुस्कारा सोडला. "तरी म्हनलं," ती पुटपुटली आणि हात लांब करून तिनं चाचपत मंगलच्या डोक्यावर ठेवला.

तो हात बाजूला होईपर्यंत मंगल हलली नाही. मग ती उठली, आडाकडं वळली, वाकली आणि तिनं बादली खाली सोडली.